स्वयंसेवक टिकत नाहीत? आधी हजेरीवहीतली शेवटची तारीख पाहा

जुलैमध्ये आमच्या अभ्यासवर्गाला अठ्ठावीस नवे स्वयंसेवक मिळाले. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरला तेव्हा त्यांतले पाच उरले होते. पुढच्या जुलैत पुन्हा आवाहन, पुन्हा नवे चेहरे आणि दिवाळीनंतर पुन्हा तेच. असं सलग चार वर्षं झाल्यावर विश्वस्तांच्या बैठकीत निष्कर्ष निघाला: नव्याचे नऊ दिवस असतात, आणि हल्लीची मुलं आरंभशूर आहेत.

मला ते पटलं नाही, कारण घरी जाताना मी रोज नदीपात्रावरून जाते. गणपतीच्या आधीचे दोन महिने पुण्यात तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. कॉलेजातली, आयटीतली, बँकेतली मुलंमुली दिवसभराचं काम उरकून येतात आणि भर पावसात कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास उभी राहतात. हातांना फोड येतात, तरी दुसऱ्या दिवशी पट्ट्या गुंडाळून हजर. पैसे मिळत नाहीत, पुष्कळदा पदरचे जातात. त्यांतल्या दोघी आमच्याकडे येऊन, महिनाभर थांबून, गेलेल्या होत्या. मग त्यांच्यात चिकाटी नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? दोष आमच्या वर्गात शोधायचा होता, आणि तो कसा शोधायचा हे कळायला मला बराच वेळ लागला. दुसऱ्या संस्थांमधले समन्वयक भेटले की हाच प्रश्न काढतात, म्हणून जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे. आमचा वर्ग वस्तीतल्या मुलांचा, आठवड्यातून चार संध्याकाळी भरणारा. तुमचं काम झाडं लावण्याचं, किल्ले स्वच्छ करण्याचं किंवा रुग्णांच्या सोबतीचं असलं तरी शोधायची पद्धत तीच चालेल.

कारण विचारू नका, तारीख शोधा

सोडून गेलेल्याला "का रे सोडलंस?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. ऑफिसात काम वाढलंय. घरी जरा अडचण आहे. परीक्षा जवळ आलीय. ती खोटी नसतात, अपुरी असतात. चांगल्या कामाला तोंडावर नाव ठेवायची माणसाला भीड वाटते. हजेरीवहीला भीड नसते.

एक रविवार मोकळा काढा. गेल्या दोन वर्षांच्या हजेरीवह्या घेऊन बसा आणि सोडून गेलेल्या प्रत्येक नावापुढे पहिली तारीख आणि शेवटची तारीख लिहा. तिसऱ्या रकान्यात, त्या शेवटच्या तारखेच्या आसपास वर्गात काय चाललं होतं ते आठवून लिहा: वेळ बदलली, खोली बदलली, समन्वयक रजेवर होते, सहल निघाली, कुणाची कुरबुर झाली. हजेरीवही ठेवतच नसाल तर व्हॉट्सअॅपच्या जुन्या निरोपांवरून बऱ्याच तारखा लागतात, आणि वही आजच विकत आणा.

आमच्या यादीतल्या शेवटच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या असतील असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांचे घोस होते. काही जण एकदाच आले होते. सगळ्यात जास्त पाचव्या-सहाव्या आठवड्यात थांबले होते. बरेच परीक्षा आणि दिवाळीच्या खंडात गळले होते. थोडे वर्षभर राहून गेले होते, आणि दोघं-तिघं तीन-चार वर्षं सगळं अंगावर ओढून एके दिवशी फोन उचलेनासे झाले होते. इतकी वर्षं आम्ही या सगळ्यांवर एकच औषध देत होतो: वर्षअखेरचा मेळावा, प्रमाणपत्र आणि टी-शर्ट. पोटदुखीला, तापाला आणि मोडलेल्या हाडाला एकच गोळी.

सात वाजताचा वर्ग

एक घोस मात्र कुठल्याच गटात बसेना. एका पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या आत पाच जणी थांबल्या होत्या. पाचही बायका. एकीने नवा प्रकल्प सांगितला होता, एकीने सासूबाईंचं आजारपण, एकीने काहीच सांगितलं नव्हतं. तिसरा रकाना भरताना लक्षात आलं की त्याच पंधरवड्याच्या सुरुवातीला आम्ही वर्ग सहाऐवजी सातला नेला होता. खोली बचतगटाच्या बैठकीला हवी होती म्हणून. म्हणजे वर्ग सुटायचा साडेआठला. वस्तीतून मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत दहा मिनिटांची बोळ, आणि तिच्यातले दोन दिवे बंद.

कुणीही तक्रार केली नव्हती. वेळ बदलल्याचा निरोप ग्रुपवर टाकला तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले होते.

बचतगटाच्या ताईंना भेटून आम्ही दोन दिवस सहाची वेळ परत मिळवली. उरलेल्या दोन दिवशी सगळ्यांनी एकत्र निघायचं आणि शेवटचीची बस येईपर्यंत थांब्यावर थांबायचं असं ठरवलं. मग पाचही जणींना फोन केले. दोघी परत आल्या. त्यांतली एक म्हणाली, "मला वाटलं हा माझ्या एकटीचाच प्रश्न आहे, म्हणून बोलले नाही." हे वाक्य मी विसरलेली नाही.

म्हणून पहिली तपासणी मनाची नको, रस्त्याची करा. येण्याजाण्याला किती वेळ लागतो? अंधार कधी पडतो? जवळ स्वच्छतागृह आहे का? कॉलेजच्या मुलांना महिन्याचं बसभाडं पदरचं परवडतं का? आम्ही आता भाडं दर महिन्याला सगळ्यांनाच देतो. ज्याला नको तो परत करतो. मागावं लागलं तर गरज असलेलाही मागत नाही.

एकदाच येऊन गेलेले

यांचं निदान सोपं आहे. त्यांचा पहिला दिवस कसा गेला ते पाहा.

आमच्याकडे तो असा जायचा. नवी मुलगी सव्वासहाला यायची. समन्वयक, म्हणजे मीच, मुलांच्या गराड्यात. मी म्हणायचे, "बस ना, आज नुसतं बघ." ती दीड तास कोपऱ्यात बसून बघायची. कुणी तिला कुणाचं नाव सांगायचं नाही. निघताना एखादं पोर तिचा हात धरून विचारायचं, "ताई, तू उद्या येणार?" त्यावर काय म्हणायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसायचं. ती हो म्हणायची आणि यायची नाही. मुलांना याची सवय झाली होती, आणि ते मला फार लागायचं.

आता पहिल्या दिवशी प्रत्येक नव्या माणसाबरोबर एक जुना माणूस, त्याचा जोडीदार, पूर्णवेळ असतो. मी नसते. जो सहा महिन्यांपूर्वी स्वतः नवा होता तो असतो, कारण काय बिचकवतं हे त्याला ताजं आठवत असतं. आणि नुसतं बघायचं नाही, त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपणारं काम करायचं. आमच्याकडे ते काम म्हणजे दोन मुलांचं वाचन ऐकणं. २००५ पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट यांपैकी कुठवर वाचू शकतं हे पाहतात. ती चाचणी एका मुलामागे काही मिनिटांत होते आणि शिकायलाही सोपी आहे. नवी व्यक्ती घरी जाते तेव्हा तिच्या हातात दोन नावं असतात आणि त्या दोघांबद्दल तिला अशी एक गोष्ट कळलेली असते, जी आमच्या वहीत त्या संध्याकाळपर्यंत नव्हती.

त्याच रात्री फोन करायचा. निरोप नाही, फोन. तीन मिनिटं पुरतात.

खरं काय ते आधीच सांगा. पावसात खोली गळते. मुलं पहिले पंधरा दिवस तुमची परीक्षा घेतील. एक दिवस सगळा वर्ग नुसता गोंधळ घालेल. हे ऐकून जे येणार नाहीत ते तसेही टिकणार नव्हते. पोलीस पडताळणीचंही तसंच. पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क असलेल्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी लागते. आम्ही स्वयंसेवकांचीही करतो. अर्ज नुसता हातात ठेवला की माणूस दुखावतो. "तुझ्या जागी कुणीही असतं तरी केली असती, आणि नवा माणूस मुलांबरोबर एकटा थांबणार नाही हाही नियम आहे," असं समोर बसून सांगितलं तर उलट त्याचा संस्थेवर विश्वास बसतो. एका बाबांनी तर त्यामुळेच मुलीला येऊ दिलं.

सहावा आठवडा

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात आणि सगळ्यात जास्त दुरुस्तीही इथेच होऊ शकते.

पहिला महिना नवेपणावर निघतो. त्यानंतर स्वयंसेवकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: मी आलो नाही तर कुणाला काही फरक पडतो का? आमच्या जुन्या व्यवस्थेत प्रामाणिक उत्तर 'नाही' असं होतं. ज्या दिवशी जितके स्वयंसेवक येतील तितक्या गटांत मुलं वाटायची. आज सोनूला गणित शिकवलं, परवा भलतंच मूल समोर. कुणाला काय येतं आहे, काय अडतं आहे हे कुणालाच माहीत नाही. आम्हाला ही लवचिकता वाटायची. स्वयंसेवकाला ती बिनमोलाची वाटायची, म्हणजे ज्याला काही मोल नाही अशी.

ढोल-ताशा पथकात नेमकं उलटं असतं. रांगेतली जागा ठरलेली असते. डावीकडे कोण, उजवीकडे कोण हे माहीत असतं. एक ठोका चुकला की शेजारच्याला ऐकू येतो, आणि एक माणूस आला नाही की रांगेत खड्डा दिसतो. आधी ताल शिकायचा, मग ढोल मिळायचा, मग एखाद्या वर्षी मिरवणुकीत उभं राहायचं, पुढे कधीतरी नव्यांना शिकवायचं. पुढची पायरी कोणती हे पहिल्या दिवसापासून दिसतं. गणेशमंडळांचंही तेच. सातवीतलं पोर खुर्च्या उचलतं, मग पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला फिरतं, मग सजावटीत शिरतं, आणि वीस वर्षांनी खजिनदार होतं. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासून चालू आहे, आणि कार्यकर्ता टिकवण्याचं हे शास्त्र बहुतेक मंडळांत कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही. मंडळांच्या आवाजाबद्दल आणि खर्चाबद्दल माझे आक्षेप आहेत, पण ही गोष्ट आपण सामाजिक संस्थांनी त्यांच्या पायाशी बसून शिकावी अशी आहे.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, मुलं ठरवून दिली. एका स्वयंसेवकाला तीन किंवा चार, आणि तीच. प्रत्येक मुलाची एक पातळ वही. स्वयंसेवक निघताना दोन ओळी लिहितो: आज काय झालं, पुढच्या वेळी काय करायचं. पाच आठवड्यांनी ती वही उलटी चाळली की शब्दांवर अडखळणारी मुलगी परिच्छेद वाचू लागल्याचं स्वतःच्याच अक्षरात दिसतं. माझ्या कौतुकापेक्षा त्या वहीने जास्त माणसं थांबवली आहेत.

दुसरी, मुदत ठरवली. 'जमेल तसं येत जा' हे ऐकायला मोकळं वाटतं, पण त्याचा भार मोठा असतो, कारण ते कधी संपतच नाही. आता आम्ही बारा आठवड्यांचा शब्द घेतो, आठवड्याला ठरलेले दोन दिवस. बारा आठवडे झाले की बसून विचारतो: पुढे करायचं, बदलून करायचं की थांबायचं? पाणी फाउंडेशनची गावागावांत पाणी अडवण्याची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली तेव्हा उन्हाळ्यात लोकांनी श्रमदान केलं. आधी निवासी प्रशिक्षण, मग ४५ दिवस, आणि रोज किती खोदकाम झालं ते मोजता येणारं. शेवट कुठे आहे हे दिसत असलं की माणूस भर उन्हातही कुदळ उचलतो.

तिसरी, गैरहजेरीचा फोन. न कळवता एक दिवस चुकला की त्याच संध्याकाळी जोडीदाराने फोन करायचा. शब्द महत्त्वाचे आहेत. "आज का आला नाहीस?" हा प्रश्न नोकरीतल्या साहेबाचा असतो. "बरा आहेस ना? पोरं विचारत होती, उद्या काय घेऊ त्यांच्याकडून?" यात काळजी आहे आणि कामही अडलेलं आहे. मात्र "तू नाही आलास तर या मुलांचं कसं होणार?" असं कधीही म्हणू नका. मी म्हणायचे. अपराधी वाटून माणूस दोनदा येतो आणि तिसऱ्यांदा फोन टाळतो.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट विचारायची असते, आणि ती विचारायला मला वर्षानुवर्षं संकोच वाटला: तुला यातून काय हवंय? आपल्याकडे समाजकार्य निःस्वार्थ असावं असं मानतात. काही हवं असलेला स्वयंसेवक आपल्याला जरा कमअस्सल वाटतो. अॅलन ओमोटो आणि मार्क स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एड्सच्या रुग्णांना साथ देणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. जे स्वतःसाठीही काही मिळवायला आले होते, म्हणजे नवं काही समजून घ्यायला, शिकायला, स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून, ते अधिक काळ टिकले असं त्यांना आढळलं. हे वाचल्यावर मी विचारायला लागले. एक मुलगा म्हणाला, मला चारचौघांत बोलायची भीती वाटते. त्याला शनिवारच्या गोष्टीच्या तासाचं काम दिलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू म्हणाल्या, हे गेल्यापासून संध्याकाळ अंगावर येते. त्यांना आम्ही मुलांऐवजी नव्या स्वयंसेवकांना सांभाळायला दिलं, आणि चहा त्यांच्याकडेच असतो. दोघांचीही हजेरी माझ्याहून चांगली आहे. उत्तर मिळालं नसतं तर मी त्या मुलाला हिशेब लिहायला बसवलं असतं आणि काकूंना एका कोपऱ्यात दोन मुलं देऊन एकटं सोडलं असतं.

परीक्षा, दिवाळी आणि संपलेले तास

या खंडातली बरीच माणसं गेलेली नसतात, लाजलेली असतात. तीन आठवडे चुकले की परत यायला तोंड नाही असं वाटतं. उपाय साधा आहे. सुट्टी आधीच जाहीर करा आणि परत यायची तारीख प्रत्येकाच्या तोंडून वदवून घ्या. वहीत 'रजेवर' असा रकाना करा. परीक्षेआधी मुलांकडून स्वयंसेवकाला 'ऑल द बेस्ट' म्हणवून घ्या. ज्याला निरोप दिला आहे त्याला परत येणं सोपं जातं. जो न सांगता निसटला त्याला ते अवघड जातं.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांबद्दल मी नेहमी तक्रार ऐकते की तास भरले की ती नाहीशी होतात. योजना १९६९ मध्ये सुरू झाली आणि तिचं गणित उघड आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. मुलगा १२० तासांसाठी आला असेल तर त्याने १२० तास नीट द्यावेत आणि आपण वेळेवर सही करावी, इतका सरळ व्यवहार ठेवा. सहीसाठी चार चकरा मारायला लावणारी संस्था त्याला आयुष्यभर लक्षात राहते. आम्ही १२० तासांत पूर्ण होईल असं काम आखून देतो, उदाहरणार्थ एका गटाला वाचनाची एक पायरी वर नेणं. दुसऱ्या वर्षी काही जण आपणहून परत येतात, तेव्हा त्यांना तासांची मोजणी नको असते.

कंपनीचा गट एक दिवस येऊन भिंत रंगवून जातो तो मी स्वयंसेवकांत मोजत नाही. त्या दिवसाचा आनंद खरा असतो, पण तो आकडा हजेरीत धरला की सगळं निदान चुकतं.

वर्षभर राहून जाणारे

यांचं जाणं आवाज न करता होतं आणि जास्त महागात पडतं, कारण ते काम शिकलेले असतात. आमच्या यादीत एका मार्च महिन्यात असे तिघं होते. तिसरा रकाना लिहिताना माझा हात थांबला. फेब्रुवारीत आम्ही मोठ्या मुलांचा गट बंद करून ती मुलं दुसऱ्या वर्गात सामावून घेतली होती. निर्णय विश्वस्त आणि पगारी कार्यकर्ते यांच्या बैठकीत झाला. त्या मुलांना वर्षभर शिकवणाऱ्या तिघांना तो मुलांकडून कळला. निर्णय बहुधा बरोबरच होता. पण घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला भाकरी किती लागणार हेसुद्धा विचारलं नाही, तर तो का थांबेल?

त्यानंतर दर दोन महिन्यांनी स्वयंसेवकांची बैठक होते आणि तिचा एक प्रतिनिधी विश्वस्तांसमोर बसतो. वर्षाचा जमाखर्च सगळ्यांना वाचून दाखवतो. ज्यांना वर्ष झालं आहे अशा दोघांना साहित्यासाठी दोन हजार रुपये देतो आणि पावत्या मागतो, पण परवानगी मागायला लावत नाही. सगळ्यात मोठा फरक एका छोट्या गोष्टीने पडला. खोलीची किल्ली. ती पूर्वी फक्त माझ्याकडे असायची. आता तिच्या तीन प्रती आहेत आणि दोन स्वयंसेवकांच्या जुडग्यात आहेत. किल्ली दिली तेव्हा त्यांतल्या एकाने ती घरी आईला दाखवली, असं त्याच्या आईनेच मला सांगितलं.

महाराष्ट्रात जी कामं दीर्घकाळ कार्यकर्त्यांच्या बळावर चालली त्यांत हे दिसतं. १९४१ मध्ये सुरू झालेलं राष्ट्र सेवा दल शाखेवर उभं राहिलं. तिथे खेळ होते, गाणी होती, आणि कालचा सैनिक उद्याचा शाखानायक होत होता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम १९८९ पासून गावोगावच्या शाखांनी चालवलं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावरही ते थांबलं नाही, याचं एक कारण मला हे वाटतं की काम आपलं आहे असं मानणारी माणसं तोवर पुष्कळ ठिकाणी तयार झालेली होती.

घरच्यांना एकदा तरी वर्गावर बोलवा, विशेषतः बायकांच्या आणि मुलींच्या. "कुठे जातेस दर मंगळवारी?" हा प्रश्न घरात वर्षभर रोज थोडा थोडा झिजवत असतो. एका स्वयंसेविकेच्या सासूबाई आल्या, मुलांना दोन तास गोष्टी सांगून गेल्या. आता मंगळवारी स्वयंपाक त्या करतात.

सगळं अंगावर घेणारे

तीन-चार वर्षांनी अचानक जाणाऱ्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यामागचं कारण एकच आहे. जो 'हो' म्हणतो त्यालाच आपण पुढचं काम सांगतो. सहल त्याने काढायची, देणगीदार आले की त्याने बोलायचं, रविवारी छत गळलं की त्यालाच फोन. एकाकडे दोनच जबाबदाऱ्या राहतील असा नियम करा आणि तो स्वतः मोडायचा नाही. दोन वर्षांनी तीन महिन्यांची सक्तीची रजा द्या. त्या काळात फोन करायचा नाही, अगदी सल्ला विचारायलाही. आमच्याकडे रजेवर गेलेल्यांपैकी एकजण परतलाच नाही. त्याचं लग्न ठरलं आणि तो बंगळुरूला गेला. आम्ही त्याला चांगलं जेवण दिलं, मुलांनी पत्रं लिहिली, आणि त्याने त्याच्या तीन मुलांच्या वह्या पुढच्या माणसाला बसून समजावून दिल्या. असं जाणं ही समस्या नाही, तिच्यावर उपाय शोधू नका.

जे आम्ही करून सोडून दिलं

'महिन्याचा उत्कृष्ट स्वयंसेवक' हा पुरस्कार. एक खूश झाला, अकरा जण गप्प झाले. त्याऐवजी आता वर्षातून एकदा प्रत्येकाला हाताने लिहिलेलं पत्र देतो, त्यात त्याने केलेली एक नेमकी गोष्ट असते. 'आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल' हे शब्द त्यात चालत नाहीत.

रोजच्या सूचनांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. सकाळी सुविचार, दुपारी आठवण, रात्री अहवालाची मागणी. मार्क हेगर आणि जेफ्री ब्रडनी यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांची पाहणी मांडली. माणसाला जुळणारं काम देणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि केलेल्या कामाची दखल घेणाऱ्या संस्थांत स्वयंसेवक अधिक टिकत होते. नियमित देखरेख आणि संपर्क यांवर भर देणाऱ्या संस्थांत मात्र ते कमी टिकत होते. मला आमचा ग्रुप आठवला. दिवसभर ऑफिसातल्या ग्रुपांनी पिडलेल्या माणसाला संध्याकाळी आणखी एक साहेब नको असतो. आता ग्रुपवर फक्त वेळापत्रकातले बदल येतात, आणि वेळ बदलायची असेल तर आधी फोन करून विचारलं जातं.

या वर्षी जुलैत आम्ही अठ्ठावीस घेतले नाहीत, सोळाच घेतले, कारण सोबत द्यायला जुनी माणसं तेवढीच होती. दिवाळीनंतर अकरा परतले. गेलेल्या पाचांपैकी तिघांची कारणं कळली: एकाची बदली, एकीचं बाळंतपण, एकाला मुलांपेक्षा झाडांचं काम आवडतं हे कळलं आणि तो टेकडीवर पाणी घालायला जातो. उरलेल्या दोघांची शेवटची तारीख एकच आहे, सप्टेंबरमधला एक शनिवार. तिसरा रकाना मी काल भरला. त्या संध्याकाळी जोडीदार आला नव्हता आणि वर्गावर मी एकटीच होते. आज सहाच्या आधी दोघांना फोन करणार आहे.